हाडांची विद्या : घराण्याच्या गुपितापासून गावच्या दवाखान्यापर्यंत

आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी वैद्यकीय इतिहासावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. 

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे चतुर्विध दान सांगितले आहे. औषधदान आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेले आहे. गावोगावचे धर्मार्थ दवाखाने, नेत्रशिबिरे, रुग्णवाहिका, औषधपेढ्या ही त्याची दृश्य रूपे होत. ज्ञानदान म्हटले की मात्र आपल्यासमोर ग्रंथप्रकाशन, पाठशाळा आणि शिष्यवृत्त्या एवढेच येते. वास्तविक ही दोन्ही दाने जेथे एकत्र नांदतात असे एक क्षेत्र आहे, ते म्हणजे वैद्याला विद्या देणे. एका रुग्णाला औषध दिले तर एक रुग्ण बरा होतो. परंतु खेड्यातील एखाद्या डॉक्टरला मोडलेला हात नीट बांधण्याचे कसब दिले, तर पुढील तीस वर्षे त्या पंचक्रोशीतील हात नीट जुळतात. हे सत्य वैद्यकाच्या इतिहासात वारंवार प्रत्ययास आले आहे, आणि अस्थिरोगांच्या शाखेत तर ते फार मोठी किंमत मोजून शिकावे लागले आहे.

अस्थिरोगांचीच गोष्ट का, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. हाड मोडलेला मनुष्य प्रथम तज्ज्ञाकडे जात नाही. तो जवळच्या दवाखान्यात जातो, किंवा हाडवैद्याकडे जातो. पहिल्या काही तासांत त्याच्या हातापायाला जे केले जाते, त्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. त्या तासांत त्याच्यापुढे बसलेला जनरल प्रॅक्टिशनर किती शिकलेला आहे, हा म्हणूनच केवळ डॉक्टरांचा घरगुती प्रश्न नव्हे.

आपल्या देशात ही विद्या प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत भग्न, म्हणजे मोडलेली हाडे आणि निखळलेले सांधे, यांच्यावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. सांधे निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे वर्णिले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा वृक्षांच्या साली आणि बांबू यांचा आधारपट्टी म्हणून उपयोग सांगितला आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही. तो फार आवळला तर सूज, वेदना व पाक होतो. म्हणून मध्यम बंध हवा, हा इशाराही तेथे आहे. थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, इतका बारकावा त्यात आढळतो. मला स्वतःला याहूनही महत्त्वाचा वाटतो तो सूत्रस्थानातील योग्या, म्हणजे सराव, यासंबंधीचा अध्याय. शिष्याने छेदनाचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर करावा आणि बंध बांधण्याचा सराव कापडाच्या केलेल्या मनुष्याकृतीवर करावा, असे तेथे सांगितले आहे. कितीही शास्त्र वाचले तरी हाताने सराव न केलेला वैद्य कर्मास अपात्रच, अशी सुश्रुतांची भूमिका आहे. आजच्या कौशल्य-प्रयोगशाळांचा पाया याहून वेगळा नाही.

जैन आचार्यांनीही वैद्यकाला शास्त्राच्या कक्षेत मानाचे स्थान दिले. चौदा पूर्वांपैकी प्राणावाय पूर्वात आयुर्वेद आला आहे, अशी आपली परंपरा आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी रचलेला ‘कल्याणकारक’ हा ग्रंथ मद्य, मांस व मध वर्ज्य करून चिकित्सा सांगतो. हा ग्रंथ पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केला आणि १९४० साली तो सोलापुरात छापला गेला, ही महाराष्ट्रातील जैन समाजाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. हजार वर्षांपूर्वीची वैद्यविद्या भांडाराच्या कपाटातून काढून सर्वांच्या हाती देणारे हे ज्ञानदानच होते.

तथापि ग्रंथात असलेली विद्या आणि हातात असलेली विद्या यांत कालांतराने अंतर पडत गेले. हाडे बसविण्याचे काम हळूहळू काही घराण्यांकडे आले. आपल्याकडील हाडवैद्य, कोठे तालमीचे वस्ताद, ही त्याची उदाहरणे. त्यांच्या बोटांत विलक्षण जाण असे, हे मान्य केले पाहिजे. खांदा निखळलेला पैलवान त्यांच्या हाती सुपूर्द केला की क्षणार्धात सांधा बसे. परंतु ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि तेथेच थांबे. चूक झाली तर ती लिहून ठेवली जात नसे, आणि यश आले तरी दुसऱ्याला सांगितले जात नसे. जे लिहिले जात नाही ते तपासलेही जात नाही.

नेमकी हीच स्थिती युरोपात होती, आणि ती कशी पालटली हे पाहण्यासाठी आपल्याला ब्रिटनमधील वेल्स प्रांतात जावे लागेल. तेथील अँगलसी बेटावर अठराव्या शतकाच्या मध्यास एक जहाज फुटले आणि एक परदेशी मुलगा किनाऱ्याला लागला, अशी कथा तेथे सांगितली जाते. त्याचे नाव इव्हान थॉमस ठेवण्यात आले. मोडलेली हाडे बसविण्याची त्याची हातोटी असामान्य होती आणि ती त्याच्या वंशात उतरली. या घराण्याच्या पुढील पिढीतील आणखी एक इव्हान थॉमस लिव्हरपूल या बंदराच्या शहरात हाडवैद्यकी करू लागला. त्याच्याकडे पदवी नव्हती. त्यामुळे डॉक्टरमंडळींनी त्याला पुनःपुन्हा न्यायालयात खेचले. या जाचाला कंटाळून त्याने एक निर्णय घेतला, ज्याचे महत्त्व त्याला स्वतःला कदाचित कळले नसेल : त्याने आपल्या पाचही मुलांना रीतसर वैद्यकीय शिक्षणासाठी पाठविले.

त्यांतील थोरला ह्यू ओवेन थॉमस. जन्म १८३४ चा, पदवी १८५७ ची. वडिलांबरोबर त्याचे फार काळ जमले नाही. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांच्या वस्तीत, नेल्सन स्ट्रीटवर, त्याने आपला दवाखाना थाटला. घरातच लोहार आणि चामड्याचे काम करणारा कारागीर बसवून तो प्रत्येक रुग्णाच्या मापाचा लोखंडी आधार तयार करून घेई. दर रविवारी गरिबांची मोफत तपासणी चाले. मोठ्या रुग्णालयात त्याला कधी पद मिळाले नाही. रोगी सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घकाळ विश्रांती द्यावी, हा त्याचा सिद्धान्त होता. मांडीला वरच्या बाजूस कडे बसविलेला आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी गज असलेला त्याचा आधार पुढे ‘थॉमस स्प्लिंट’ म्हणून जगाला माहीत झाला. १८७५ साली त्याने नितंब, गुडघा व घोटा यांच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. घराण्याचे गुपित पहिल्यांदा छापले गेले.

आणि तरीही कोणी ते फारसे वाचले नाही! याला थॉमस यांचा स्वभावही कारण होता. त्यांची लेखणी भांडखोर होती. प्रतिपक्षाला ते शब्दांनी फोडून काढीत. १८९१ साली ते निधन पावले तेव्हा त्यांचा आधार लिव्हरपूलबाहेर अल्पांशानेच वापरात होता. ज्ञान लिहून ठेवले म्हणजे ते पोहोचले असे होत नाही, हा या कथेचा पहिला धडा म्हणावा लागेल.

ते ज्ञान पोहोचविले त्यांच्या पत्नीच्या भाच्याने. रॉबर्ट जोन्स सोळाव्या वर्षी, १८७३ साली, वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहावयास आला. मामांकडून त्याने कसब घेतले. भांडखोरपणा मात्र घेतला नाही. जोन्स हे मृदुभाषी, हसतमुख आणि शिकविण्याची हौस असलेले गृहस्थ होते. १८८८ साली मँचेस्टर शिप कॅनॉल या प्रचंड कालव्याच्या बांधकामावर मुख्य शल्यचिकित्सक म्हणून त्यांची नेमणूक झाली. सुमारे ५८ किलोमीटर लांबीचा कालवा, हजारो मजूर, दरड कोसळणे, स्फोट, रेल्वेचे अपघात हे तेथे नित्याचे होते. जोन्स यांनी मार्गावर तीन रुग्णालये उभारली, मध्ये मध्ये प्रथमोपचाराची ठाणी ठेवली आणि तेथील माणसांना स्वतः शिकविले. मोडलेला पाय जागेवरच आधारात बांधून मगच मजुराला हलवावयाचे, हा दंडक त्यांनी घातला. अपघाती रुग्णांच्या संघटित सेवेचे हे जगातील पहिले मोठे उदाहरण मानले जाते.

याच जोन्स यांच्या सहवासात ॲग्नेस हंट या परिचारिकेचे कार्य बहरले. या बाई स्वतः लहानपणापासून नितंबाच्या विकाराने अपंग होत्या. बॅशचर्च या खेड्यात १९०० साली त्यांनी अपंग मुलांसाठी निवासी घर सुरू केले आणि काही वर्षांतच जोन्स तेथे नियमित येऊ लागले. मुले बरी होऊन घरी जात. घरी गेल्यावर आधार सैल होई, पट्टा तुटे आणि पाय पुन्हा वाकडा होई. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आसपासच्या छोट्या गावांत तपासणी केंद्रे काढली. तज्ज्ञ मध्ये आणि भोवती त्याच्या हाताखाली शिकलेली माणसे, अशी ही रचना होती. आज ज्याला आपण ‘आउटरीच’ म्हणतो, ते हेच.

पण थॉमस स्प्लिंटची खरी परीक्षा झाली ती १९१४ च्या महायुद्धात. मांडीचे हाड गोळीने फुटलेला सैनिक खंदकातून रुग्णालयात नेईपर्यंत प्रत्येक हिंदकळ्यासरशी मोडक्या हाडाची टोके मांसात घुसत, रक्तस्राव वाढे आणि सैनिक पोहोचण्यापूर्वीच गतप्राण होई. आधार अस्तित्वात होता. चाळीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाला होता. उणीव होती ती तो बांधता येणाऱ्या हातांची. सैन्यातील बहुसंख्य डॉक्टर हे नागरी जीवनातून आलेले जनरल प्रॅक्टिशनर होते. तेव्हा फ्रान्समध्ये या आधाराचे वर्ग काढण्यात आले. केवळ डॉक्टरच नव्हे तर डोली वाहणारे शिपाईही शिकले. पॅण्ट आणि बूट न काढता, वरूनच आधार कसा चढवावयाचा, याची त्यांच्याकडून कवायतीसारखी घोकंपट्टी करून घेतली गेली. रात्रीच्या काळोखात चूक होऊ नये म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधूनही सराव घेतला जाई. १९१७ च्या आरासच्या लढाईत हेन्री ग्रे या शल्यचिकित्सकांनी मांडीच्या उघड्या अस्थिभंगाच्या १००९ सैनिकांची नोंद ठेवली. त्यांतील मृत्यूचे प्रमाण १५.६ टक्के भरले. युद्धाच्या प्रारंभी ते कितीतरी अधिक होते. मृत्युदर ८० टक्क्यांवरून खाली आला असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. त्या ८० च्या आकड्याविषयी अलीकडील अभ्यासकांनी शंका घेतली आहे आणि ती रास्त आहे. ग्रे यांची नोंद मात्र भक्कम आहे, आणि तेवढीच पुरेशी बोलकी आहे.

मामा गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी त्यांच्या विद्येने प्राण वाचविले, ते भाच्याच्या शिकविण्याच्या हौसेमुळे. शोध लावणारा आणि विद्या पसरविणारा असे बहुधा दोन निराळे पुरुष असतात. इतिहास पहिल्याचा पुतळा उभारतो.

यानंतर प्लास्टरविषयी थोडे. अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी डॉक्टरांनी १८५२ साली सुती पट्टीत जिप्समची पूड घोळून प्लास्टरची पट्टी तयार केली. भिजवून गुंडाळली की काही मिनिटांत ती दगडासारखी घट्ट होते. साधन स्वस्त व सोपे असल्यामुळे ते सर्वत्र गेले. आणि सोपे असल्यामुळेच ते न शिकलेल्या हातांतही गेले. १८८१ साली जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी एक भयंकर परिणाम वर्णन केला. आवळलेल्या बंधामुळे आतील स्नायूंचा रक्तपुरवठा काही तास जरी तुटला तरी ते स्नायू मरतात, आक्रसतात, आणि हात पक्ष्याच्या पंजासारखा कायमचा वाकडा होतो. सुश्रुतांनी दिलेला इशारा आणि फोल्कमन यांचे निरीक्षण यांच्यामध्ये शतकांचे अंतर असले तरी आवळलेल्या बंधाचे भय एकच आहे.

येथे स्वतःची एक चूक नमूद करणे मला उचित वाटते. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवीत असे. एके सायंकाळी चिंचेच्या झाडावरून पडलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणला गेला. मनगटाच्या वरची दोन्ही हाडे मोडली होती. मी ती सरळ केली, भोवती पूर्ण गोल प्लास्टर घातले आणि मोठ्या समाधानाने त्यांना घरी पाठविले. रात्रभर मूल रडले. “डॉक्टरांनी बांधले आहे, आता सोडायचे नाही,” म्हणून वडिलांनी तसेच ठेवले. सकाळी ते परत आले तेव्हा बोटे सुजून फिकट पडली होती, आणि बोट हलकेच सरळ करताच मूल किंचाळले. प्लास्टर कापावयास माझ्याकडे धड कात्रीही नव्हती. कसेबसे ते उभे चिरले, आतील कापूससुद्धा कातडीपर्यंत कापला, आणि अर्ध्या तासाने बोटांना रंग आला. मुलाचा हात वाचला, तो माझ्या ज्ञानामुळे नव्हे. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका ज्येष्ठ अस्थितज्ज्ञांनी मला समोर बसवून अर्धा तास शिकविले : ताज्या अस्थिभंगाला पूर्ण गोल प्लास्टर नको, एका बाजूने पट्टी ठेवावी, खाली कापसाचे अस्तर असावे, हात हृदयाच्या पातळीहून वर राहावा, बोटे उघडी ठेवावीत, आणि दुखणे वाढले तर रात्री दोन वाजताही परत यावे, हे आईवडिलांना बजावून सांगावे. पाच वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणात जे माझ्या हाताला शिकविले गेले नव्हते, ते त्या अर्ध्या तासात मिळाले.

जनरल प्रॅक्टिशनरला असे अर्ध्या तासाचे ज्ञान ग्रंथरूपाने देण्याचे काही उत्तम प्रयत्न विसाव्या शतकात झाले. मँचेस्टरचे जॉन चार्नली पुढे कृत्रिम नितंबसांध्यासाठी जगप्रसिद्ध झाले. परंतु त्याआधी १९५० साली त्यांनी शस्त्रक्रियेशिवाय सामान्य अस्थिभंगांवर करावयाच्या उपचारांचे पुस्तक लिहिले. प्लास्टर केवळ गुंडाळावयाचे नसते, तीन ठिकाणी तळव्याने दाब देऊन त्याला आकार द्यावयाचा असतो, हे त्यांनी आकृत्यांसह समजावले. युगांडातील कम्पाला येथे प्राध्यापक असलेले रोनाल्ड हकस्टेप यांनी १९७० साली अपघातांवर एक साधे मार्गदर्शक पुस्तक काढले आणि गावातील लोहाराकडूनही होतील असे पोलिओग्रस्त मुलांचे आधार तयार करविले. १९८७ साली मॉरिस किंग आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी अपघातचिकित्सेचा एक जाडजूड ग्रंथ संपादित केला. त्यात काय करावे याइतकेच काय करू नये हेही स्पष्ट सांगितले आहे. माझ्या मते अशा ग्रंथांची खरी कसोटी तीच.

अमेरिकेतील एक घटना येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यचिकित्सक सहकुटुंब स्वतःचे छोटे विमान चालवीत जात असता नेब्रास्का राज्यातील शेतात ते कोसळले. पत्नी जागीच गेल्या, मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जे उपचार मिळाले ते पाहून स्टायनर अस्वस्थ झाले. तेथील डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. त्यांनी खटला न भरता सहकाऱ्यांसह अभ्यासक्रम तयार केला. १९७८ साली नेब्रास्कातीलच ऑबर्न या लहान गावी पहिला वर्ग झाला आणि १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. आज अनेक देशांत डॉक्टर तो शिकतात. दुःखाचे रूपांतर सूडात न करता विद्येत करणारा हा गृहस्थ जैन नव्हता, तरी क्षमाभावाचे याहून सुंदर उदाहरण मला आठवत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या काळात अस्थितज्ज्ञ मोठ्या शहरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशनची स्थापना १९५५ ची. समोर उभे होते ते पोलिओचे संकट. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी आपल्या मुलीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९४७ साली अपंग बालकांसाठी कार्य सुरू केले आणि त्यातून पुढे हाजी अली येथील बाल अस्थिरुग्णालय उभे राहिले. पण पोलिओमध्ये जनरल प्रॅक्टिशनरचा वाटा दुहेरी होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पोलिओचा विषाणू शरीरात असताना साध्या तापासाठी स्नायूत इंजेक्शन दिले तर त्याच अवयवाला पक्षाघात होण्याचा धोका वाढतो, हे १९५० च्या सुमारासच सिद्ध झाले होते. तरीही आपल्याकडे तापाला ‘सुई’ देण्याची प्रथा कित्येक दशके चालू राहिली. रुग्णाचीही तीच मागणी असे. दुसरीकडे, पक्षाघात झालेल्या पायाला पहिल्या काही आठवड्यांत साधी पट्टी लावून गुडघा व घोटा सरळ ठेवला, तर पुढची वाकडेपणावरील शस्त्रक्रिया पुष्कळदा टळते. दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत शिकविण्यासारख्या होत्या. भारतात रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाचा विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. त्या आधीच्या पिढीतील जे बांधव आज कुबडी घेऊन चालतात, त्यांच्यापैकी काहींच्या पायांचा हिशेब आमच्या न शिकलेल्या हातांकडे निघतो.

जयपूर फूटची कथा वाचकांना परिचित आहे. आपल्यापैकी अनेकांनी त्याच्या शिबिरांत सेवा केली असेल. तरी तिची एक बाजू या लेखाच्या संदर्भात पाहण्यासारखी आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि ‘मास्टरजी’ म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय घडविला, ज्यावर मनुष्य अनवाणी चालू शकतो, मांडी घालून बसू शकतो. १९६८ पासून हा पाय उपलब्ध होता. परंतु पहिल्या सात वर्षांत जेमतेम ५९ जणांना तो बसला. १९६९ साली मोटार अपघातात पाय गमावता गमावता वाचलेले प्रशासकीय अधिकारी श्री. देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या पर्वात, १९७५ साली, भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि मग ही संख्या हजारांवर, पुढे लाखांवर गेली. पाय तोच होता. भर पडली ती कारागिरांना शिकविण्याची, आणि एका दिवसात माप, जोडणी व चालणे पूर्ण करणाऱ्या शिबिराच्या रचनेची. डॉ. सेठींनी या पायाचे पेटंट घेतले नाही. १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. थॉमस आणि जोन्स यांचीच जोडी येथे निराळ्या वेषात दिसते.

महाराष्ट्रात आपल्या समाजातील डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी पुण्यात १९६५ साली सुरू केलेले कार्य रुग्णालयाबरोबरच अध्यापनाचे केंद्र बनले. २०१२ साली पद्मविभूषण देऊन राष्ट्राने त्याची दखल घेतली. तेथून शिकून बाहेर पडलेले अस्थितज्ज्ञ आज अनेक जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या कार्याला स्वतंत्र लेखच हवा. येथे उल्लेखावर थांबतो.

शेवटचे उदाहरण तान्ह्या बाळांचे. जन्मतः पाऊल आत वळलेले असणे, म्हणजे क्लबफूट, यावर अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांनी १९५० च्या आधीपासून हलक्या हाताने पाऊल वळवीत दर आठवड्याला प्लास्टर बदलण्याची पद्धत विकसित केली. पाच-सहा प्लास्टर, बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक छोटासा छेद, आणि नंतर चार वर्षांपर्यंत मुख्यतः रात्री घालावयाचे बूट, एवढाच तो उपचार. निष्कर्ष उत्तम असूनही तज्ज्ञांनी तो चाळीस वर्षे दुर्लक्षिला आणि मोठ्या शस्त्रक्रिया करीत राहिले. १९९६ साली त्यांचे पुस्तक आले, पालकांनीच त्याचा प्रसार केला, आणि मग आफ्रिकेतील मलावी व युगांडा येथे अस्थितज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांना ही पद्धत शिकविण्यात आली. शिकविलेल्या हातांनी ती यशस्वी केली. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात वाकड्या पावलाची तपासणी समाविष्ट आहे. तरी खेड्यातील प्रसूतीनंतर “मोठेपणी आपोआप सरळ होईल, तेलाने चोळा,” हा सल्ला अजून ऐकू येतो. पहिल्या आठवड्यातच बाळाला योग्य केंद्राकडे धाडणारा कुटुंबवैद्य असेल, तर ते मूल शाळेत इतरांबरोबर धावते.

या सर्व हकीकतीत आपल्या ट्रस्टसाठी काय आहे, असे विश्वस्त विचारतील. देणगीच्या बाबतीत आपली एक सवय आहे : खोली, यंत्र, रुग्णवाहिका यांवर नाव कोरता येते, शिकविण्यावर कोरता येत नाही, म्हणून शिकविण्याला देणगी कमी मिळते. सुवर्ण महोत्सवी वर्षात त्याला एक छोटा अपवाद करावा, ही नम्र सूचना. आपल्या सभागृहात एका रविवारी दुपारी तालुक्यातील पंधरा-वीस जनरल प्रॅक्टिशनरांना बोलवावे. जिल्ह्यातील दोन अस्थितज्ज्ञ विनामूल्य येण्यास निश्चित तयार होतील. लागतील त्या प्लास्टरच्या पट्ट्या, कापसाची गुंडाळी, कोमट पाण्याच्या चार बादल्या, प्लास्टर कापण्याच्या दोन कात्र्या आणि एक थॉमस स्प्लिंट. डॉक्टरांनी एकमेकांच्या हातांना पट्टी बांधावी, एकमेकांची बोटे तपासावीत, आणि बांधलेले स्वतःच कापून काढावे. हाडवैद्यांनाही सन्मानाने बोलवावे. त्यांच्याकडून खांदा बसविण्याचे कसब पाहावे आणि कामट्या किती आवळाव्यात हे त्यांना दाखवावे. कार्यक्रम सूर्यास्तापूर्वी आटोपेल, म्हणजे चौविहार असणाऱ्यांचीही अडचण होणार नाही. कापडाची मनुष्याकृती शिवण्यास महिला मंडळ तयार असेल, तर सुश्रुतांचीही इच्छा पूर्ण होईल. कात्र्यांचा खर्च माझ्याकडे लागला.